बारा गाड्या आणि एक उशी

धुळे
१४ ऑक्टोबर २०२४

श्री. गिरधरभाऊंना रुपचंदचा रामराम.

ओळखलंत का? जळगावच्या हॉस्पिटलात खिडकीजवळची खाट तुमची आणि पंख्याखालची माझी. पंखा माझ्या डोक्यावर आणि वारा तुमच्या अंगावर, यावरून आपली ओळख झाली. अँजिओग्राफी दोघांची एकाच दिवशी झाली आणि डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून दोघांना एकदमच समजावलं. माझी मुख्य नळीच तोंडाशी बुजलेली होती, तेव्हा मला काही विचारलंच नाही, बायपास करा म्हणाले. तुमच्या तीन नळ्या अरुंद, पण हृदयाचं काम चांगलं. म्हणून तुम्हाला दोन रस्ते दाखवले: आधी गोळ्या घेऊन बघा, त्रास आवरला नाही तर ऑपरेशन. तुम्ही गोळ्यांची पिशवी घेऊन घरी निघालात आणि जाताना म्हणालात, "रुपचंदभाऊ, कोण कसं जगतंय ते एकमेकांना कळवायचं. पण खरं खरं." म्हणून हे पत्र.

फोन का नाही म्हणाल, तर एसटीत उभी नोकरी इंजिनाशेजारी बसून झाली आणि त्यात कान गेले. यंत्र आहे, पण त्यातून फोनवरचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. शिवाय मी ओरडून बोलतो, त्यामुळे माझी तब्येत घरच्यांच्या आधी गल्लीला कळते. पत्र बरं.

ऑपरेशन होऊन महिना उलटला. छाती मधोमध उघडली, पायातली शीर काढून हृदयाला जोडली आणि हाड तारेने बांधून टाकलं. वरून दिसते ती एक रेघ. घरातल्या घरात चालतो. खोकला आला की हाड हलू नये म्हणून छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं असतं. आमच्या घरच्या मंडळींनी, ताईबाईने, पारोळ्याच्या शेतातल्या कापसाची एक लहान उशी मुद्दाम शिवून दिली आहे. मी ती काखेत घेऊन घरभर फिरतो आणि नातवंडं हसतात. बाकी बठ्ठं बेस शे.

तुमचं कळवा. सुनंदावहिनींना नमस्कार.

तुमचा शेजारच्या खाटेवरचा
रुपचंद

असोदा
२८ ऑक्टोबर २०२४

उशी घेऊन फिरणाऱ्या ड्रायव्हरला भगताचा रामराम.

पत्र वाचून मी आणि सुनंदा दोघं हसलो. एवढी मोठी एसटी घाटातून काढणारा माणूस आणि हातात काय, तर बाहुलीची उशी. रागावू नका.

मी गोळ्यांवर झकास आहे. सकाळी मूठभर, रात्री मूठभर. सकाळी उठून केळीच्या मळ्यापर्यंत चालत जातो आणि चालत येतो. सुनंदाने तेल बंद केलं आहे, तेवढं एक दुःख. बिनतेलाची भाजी म्हणजे बिनबैलाची शेती. मुलगा हितेंद्र नाशिकहून रोज फोन करून "गोळ्या घेतल्या का" विचारतो. बाप कसा आहे हे विचारायची पद्धत गेली वाटतं.

मी ऑपरेशनला का नाही म्हटलं ते वॉर्डात सांगितलं होतं, पण तेव्हा तुमचं कानाचं यंत्र पिशवीत होतं आणि तुम्ही नुसते मान हलवत होतात. म्हणून पुन्हा सांगतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मरीमातेची यात्रा असते. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधतात. बैल नाहीत. गाड्यांवर माणसं बसतात, बायका, पोरं, माहेरी आलेल्या लेकी, जितके मावतील तितके. आणि पुढे कमरेला दोर बांधून एकटा भगत त्या ओढत वेशीपासून देवळापर्यंत नेतो. दोन्ही बाजूंना त्याला सावरायला एकेक बगला चालतो. आमच्या घराण्यात हे आजोबांपासून आहे. वडील गेल्यापासून दोर माझ्या कमरेला. उजवा बगला माझा पुतण्या योगराज.

आता सांगा, छाती चिरून तारेने बांधली असती तर गावाने मला दोर बांधू दिला असता का? डॉक्टरांना मी गाड्यांचं विचारलं होतं. म्हणाले, गोळ्या घ्या की ऑपरेशन करा, गाड्या विसरा. मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

ताईवहिनींना नमस्कार सांगा.

गिरधर

धुळे
५ डिसेंबर २०२४

गिरधरभाऊंना रामराम.

हसा. दुरून डोंगर साजरे. पण उशीची गंमत तुम्हाला कळायची नाही.

माझं हाड जुळलं. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, आता हळूहळू सगळं करा, चालणं वाढवा, वजन थोडं थोडं उचला. घरचे म्हणतात सगळं नको. ज्ञानेश्वरने, माझ्या मुलाने, स्कूटरची चावी स्वतःच्या जुडग्यात अडकवून टाकली. मी विचारलं तर म्हणाला, "बाबा, आता तुम्ही आराम करा." सून पुनम पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देते. नातवंडांना माझ्या अंगावर चढू देत नाहीत. चांगलीच आहेत सगळी. भाग्य लागतं म्हणतात.

झोप चांगली लागते. जेवण चांगलं आहे. मधूनच डोळ्यांतून पाणी येतं, ते यंदाच्या थंडीचं.

मी तर म्हणतो, तुम्हीही करून टाका. एकदा घाट चढला की पुढे सपाट रस्ता आहे. गाड्यांचं म्हणाल, तर ओढायला दुसरा कोणी मिळेल, सुनंदावहिनींना दुसरे गिरधरभाऊ मिळायचे नाहीत.

रुपचंद

असोदा
९ जानेवारी २०२५

रुपचंदभाऊ, रामराम.

सध्या भरिताचे दिवस आहेत. परवा मळ्यात पार्टी केली. हिरवी वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली, लाकडी उखळीत कुटली, बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. माझ्या वाटणीचं भरीत तेलाचा थेंब न घालता वेगळं काढलं होतं. ते मी कुत्र्याला दिलं आणि पातेल्यातलं खाल्लं, थोडंसंच. दरवर्षी कुटायला मी बसतो, यंदा योगराजला बसवलं. म्हटलं, शिकू दे.

तब्येत उत्तम. एक सवय मात्र नवी लागली आहे. पूर्वी मी घरातून निघालो की खाली मान घालून थेट मळा गाठायचो. आता मारुतीच्या पारावर बसतो, पुढे पाण्याच्या टाकीपाशी बसतो, मळ्याच्या बांधावर बसून घड किती भरले ते बघतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला पोराबाळांची खुशाली विचारतो. लोक म्हणतात, भगत आजारपणानंतर माणसांत आला. सुनंदा म्हणते, "घरी माह्याशी बोलत न्हाई, अन् पारावर सभा भरवतात." बायकोला कौतुक नसतं.

तुमचं "आराम करा" वाचून बरं वाटलं नाही. मला कोणी तांब्या हातात आणून दिला तर मी तो त्याच्याच डोक्यावर ओतीन. म्हणून म्हणतो, गोळ्याच बऱ्या. माणूस होता तसा राहतो.

तुमच्यासाठी वांगी पाठवणार होतो, पण येणारं कोणी मिळालं नाही.

गिरधर

धुळे
२० फेब्रुवारी २०२५

गिरधरभाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही भाग्यवान आहात. पारावर बसता, टाकीपाशी बसता, गावाची ख्यालीखुशाली घेता. मी ओट्यापर्यंत जातो आणि तिथून आत या म्हणून हाक येते. ऐकू आलं नाही असं दाखवतो, तर माणूस बाहेर येऊन दंड धरून आत नेतो.

कधी वाटतं, माझ्याही हातात असतं तर मीसुद्धा गोळ्याच घेतल्या असत्या. हे वाक्य खोडणार होतो, पण कागद एकच होता. मनावर घेऊ नका. छातीची रेघ आता पांढरी पडली आहे.

यंदा गाड्या कोण ओढणार?

रुपचंद

असोदा
२१ एप्रिल २०२५

रुपचंदभाऊंना रामराम.

उत्तराला उशीर झाला. तुम्ही विचारलंत, यंदा गाड्या कोण ओढणार. मी. दुसरं कोण?

खरं सांगतो, थोडा डळमळीत होतो. सुनंदाचं आणि हितेंद्रचं एकच टुमणं होतं, ऑपरेशन करून घ्या. पण तुमचं पत्र आलं, त्यातलं ते न खोडलेलं वाक्य वाचलं आणि ठरवून टाकलं. दंड धरून आत नेतात असं जगणं मला नको. भगताने गाड्यांसमोर उभं राहावं. पुढचं मरीमाता बघेल.

आता आखाजीपर्यंत माझं कडक पाळणं सुरू आहे. जमिनीवर झोपणं, एक वेळ दूध-भाकर, परक्या घरचं पाणी नाही, आणि मांस-मच्छीची सावलीसुद्धा नाही. आणि यंदा एक नवीनच निघालं. हितेंद्र मागे आला होता तेव्हा बोलता बोलता म्हणाला, कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडांचं करतात. मला काही ते माहीत नव्हतं. म्हणजे मी रोज सकाळी देवासमोर दिवा लावून हाडं गिळत होतो. ती कॅप्सूल त्याच दिवशी बंद केली. मग विचार केला, बाकीच्या गोळ्यांत काय असेल ते कोणाला ठाऊक? पाळायचं तर पूर्ण पाळायचं. सगळ्याच बंद केल्या, जिभेखाली ठेवायची ती छोटीसुद्धा. सुनंदाला सांगितलेलं नाही. ती पुडी हातात देते आणि मी तोंड दुसरीकडे करून पाणी पितो. अंग उलट हलकं वाटतं.

यात्रा तीस तारखेला, बुधवारी, ऊन उतरल्यावर. शेवटचे आठ दिवस मी फोन हातात धरत नाही, तेव्हा लावू नका. जमलं तर या. पहिल्या गाडीत जागा ठेवतो.

गिरधर भगत

धुळे बसस्थानक
३० एप्रिल २०२५, सकाळी
हस्ते प्रेमराज

गिरधर,

आज तुम्ही-आम्ही बाजूला ठेवतो. तुझं पत्र काल संध्याकाळी हातात पडलं, टपालात कुठे अडकलं होतं देव जाणे. ज्ञानेश्वरने तुझा फोन लावून पाहिला, बंद. वहिनींचा नंबर आमच्याकडे नाही. म्हणून डेपोत येऊन कंट्रोलरच्या खिडकीशी उभा राहून हे लिहितो आहे. आमच्यात पूर्वीपासून रीत आहे, निरोप तातडीचा असला की गाडीवर द्यायचा. हा प्रेमराज माझ्या हाताखाली गाडी शिकला. जळगावला त्याची ड्युटी संपते, तिथून तो कोणाची तरी मोटारसायकल घेऊन तुझ्याकडे येईल. त्याला सांगून ठेवलंय, गिरधरभाऊ गोळ्या गिळतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, तोवर उंबऱ्यावरून हलायचं नाही.

गोळ्या अशा एकदम सोडायच्या नसतात. डॉक्टरांनी दोघांना एकत्रच सांगितलं होतं, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. एक गोळी रक्त गोठू देत नाही आणि एक हृदयाची धाव आवरून धरते. ती अचानक काढली तर उतारावर ब्रेक सोडल्यासारखं होतं. कॅप्सूल चालत नसेल तर तिच्याऐवजी साधी गोळी असते का हे डॉक्टरांना विचारायचं होतं. मरीमातेने तुझ्याकडून दूध-भाकर मागितली असेल, जीव मागितलेला नाही.

आता गाड्यांचं. पारोळ्याच्या पुढे आमच्या एका ड्रायव्हरला चालत्या गाडीत छातीत कळ आली. तो स्टिअरिंगवरच गेला. गाडीला काय माहीत ड्रायव्हर गेला ते? ती चालतच राहिली. बाभळीला धडकली म्हणून थांबली, आणि आत माणसं होती. तेव्हापासून आमच्यात कोणी बरं नाही म्हटलं तर त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. चावी दुसऱ्याला देतात आणि त्याला चहा पाजतात. तुझ्यामागे बारा गाड्या आहेत आणि त्यांना ब्रेक नाही. तू पडलास तर पहिलं चाक तुझ्यावरून जाईल, ते तू मनाशी धरलं असशील. पण योगराज तुझ्या बगलेत असतो. तो तुला सोडून बाजूला उडी मारेल असं तुला वाटतं का?

आणि आता माझं. आपलं ठरलं होतं खरं लिहायचं आणि मी खोटं लिहिलं. ते थंडीचं पाणी नव्हतं. मी रडतो. ऑपरेशन झाल्यापासून रडतो आहे, कारण नसताना. भाकरी मोडली की रडू येतं, बसचा हॉर्न लांबून जाणवला की येतं. झोप येत नाही, नावं विसरतो. पुरुषासारखा पुरुष, कोणाला सांगणार? एकट्या ताईबाईला ठाऊक. ती ताट वाढते आणि म्हणते, "आधी रडी ल्या, मंग जेवाले बसा." तुला हे लिहिलं असतं तर तू ऑपरेशनला घाबरला असतास म्हणून नाही लिहिलं. आणि शेवटी जे लिहिलं त्यानेच तू घाबरलास.

पण हेही खरं, की छातीत दुखत नाही. तेव्हापासून एकदाही नाही. आज घरून डेपोपर्यंत चालत आलो, ज्ञानेश्वर मागून हाका मारत होता. मध्ये कुठेही थांबलो नाही. तू थांबतोस. मारुतीचा पार, पाण्याची टाकी, मळ्याचा बांध. काल तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली तेव्हा उमगलं. आणि मी गाढव, तुला भाग्यवान म्हणालो.

दोर दुसऱ्याला दे. गोळी घे. प्रेमराजला पाणी दे, त्याच्या घरचं तुला चालत नाही पण तुझ्या घरचं त्याला चालतं.

रुपचंद

असोदा
५ मे २०२५

रुपचंद,

जिवंत आहे. मीही आता तुम्ही-आम्ही बाजूला ठेवलं.

प्रेमराज आला तेव्हा मी हळद लावून पाटावर बसलो होतो. बाहेर वाजंत्री होती, अंगणात माणसं मावत नव्हती. हा खाकी कपड्यातला माणूस सरळ आत आला आणि म्हणाला, रुपचंदभाऊंचं पत्र आहे. मी म्हटलं, नंतर वाचतो. तो म्हणाला, आत्ता वाचा, माझी रात्रीची गाडी आहे. मग वाचलं. वाचताना सुनंदा समोर उभी होती. माझा चेहरा बघून तिने कागद हातातून घेतला आणि स्वतः वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मला वाटलं आता ती आकांत करणार. केला नाही. आत गेली, गोळ्यांचा डबा आणला, माझ्यासमोर ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "देवानं गोळीले न्हाई म्हटलं का? इचारलं का तुमी त्याले?" विचारलं नव्हतं. गोळ्या घेतल्या. प्रेमराजने तोंड उघडून दाखवा म्हटलं, तेही दाखवलं. भगत होऊन इतकी वर्षं झाली, असं तोंड कोणी उघडायला लावलं नव्हतं.

आता खरं लिहितो, कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. मार्चमध्ये मी मळ्यात कोणी नसताना एक रिकामी गाडी कमरेला बांधून ओढून बघितली होती. केळीच्या दोन ओळी जाईपर्यंत कळ छातीतून जबड्यात गेली आणि डावा हात जड झाला. मी चाकाला टेकून बसलो. तेवढ्यात योगराज आला. मी म्हटलं, चाकाची पट्टी सैल झाली आहे का बघतोय. तो गाडीखाली वाकून बघायला लागला आणि मी त्याच्या पाठीमागे घाम पुसत होतो. एक रिकामी गाडी होती ती. तरीही मी बारा भरलेल्या ओढणार होतो. मला वाटत होतं, खाटेवर जाण्यापेक्षा दोर बांधून गेलेलं बरं. माझ्यामागे कोण बसलंय याचा विचार मनात आलाच नाही. तुझं पत्र वाचेपर्यंत खरंच नाही आला.

वेशीवर गेलो. गाड्या भरल्या होत्या. पहिल्या गाडीत आमची चारुलता बसली होती, आखाजीला माहेरी आलेली लेक, मांडीवर तिचं लेकरू. मी दोर हातात घेतला, योगराजला पुढे बोलावलं आणि त्याच्या कमरेला बांधला. पहिली गाठ सैल बसली. पुन्हा सोडून बांधली. एक म्हातारा विचारता झाला, भगत, काय झालं? मी म्हटलं, छातीत दुखतं. एवढंच म्हटलं. सहा महिने ते बोलायला मला जमलं नव्हतं आणि वेशीवर अख्ख्या गावासमोर बोलून बसलो.

कोणी हसलं नाही. तो म्हातारा म्हणाला, मंग बस ना बा, उभा काहाले राह्यला?

मी बसलो नाही. योगराजच्या डाव्या बाजूला बगला म्हणून चाललो, पण दहा-बारा पावलांवर दम लागला आणि मी रस्त्याच्या कडेला सरलो. बारा गाड्या माझ्यासमोरून गेल्या. रुपचंद, इतक्या वर्षांत त्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या. माझी नेहमी पाठ असायची त्यांच्याकडे. केवढा आवाज असतो, केवढी धूळ, आणि पोरं कशी ओरडतात. मला फार वाईट वाटलं आणि फार छानही वाटलं. मग मीही रडलो. सुनंदा शेजारी होती, तिने पदर पुढे केला.

गोळ्या पुन्हा सुरू आहेत. डॉक्टरांकडे जाऊन आलो, चांगलीच बोलणी खाऊन आलो. कॅप्सूलऐवजी साधी गोळी दिली. इतके दिवस विचारलं असतं तर तेव्हाच दिली असती म्हणाले.

तुझा गिरधर

धुळे
१४ मे २०२५

गिरधर,

तुझं पत्र ताईबाईला मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्याने म्हणजे माझ्या मोठ्याने, तेव्हा गल्लीलाही कळलं की असोद्याच्या भगताने गोळी घेतली. समोरच्या पुष्पाबाईंनी देवाला साखर ठेवली.

मीही डॉक्टरांकडे जाऊन आलो. एकटा आत गेलो आणि रडण्याचं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, या ऑपरेशननंतर पुष्कळांचं असं होतं, आधीच का नाही बोललात? त्यावर औषध आहे, व्यायामाचा वर्ग आहे. वर्गात सगळे छातीवर रेघ असलेले. एक जण पिठाच्या गिरणीचा मालक आहे, तो माझ्याहून जास्त रडतो. आम्ही दोघं शेजारी उभं राहून हात वर-खाली करतो.

डॉक्टरांनी ज्ञानेश्वरलाही आत बोलावून सांगितलं, यांना काचेचं भांडं करू नका. घरी आल्यावर त्याने स्कूटरची चावी जुडग्यातून काढून खिळ्याला अडकवली. मी दोन दिवस ती नुसती बघत होतो. काल काढली आणि बाजारातून मिरच्या आणल्या. घरात मिरच्या होत्या.

आता तुझं काय ठरलं? मी सल्ला देणार नाही. एकदा देऊन पाहिला.

रुपचंद

असोदा
१७ जून २०२५

रुपचंद,

ठरलं. येत्या सोमवारी जळगावलाच. डॉक्टरांनी परत सगळं तपासलं, मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर चालवलं. म्हणाले, गोळ्या नीट घेऊनही तुम्हाला घरापासून मळ्यापर्यंत तीनदा बसावं लागतं, तर आता ऑपरेशनचा विचार करा. नाही केलं तर लगेच काही होईल असं नाही, पण असंच बसत बसत जगावं लागेल. निर्णय तुमचा. मी म्हटलं, करा. हितेंद्र सुट्टी घेऊन येतो आहे. गाड्यांचं मी या वेळी विचारलं नाही.

तुला एक सांगायचं आहे. तू ऑपरेशनचं चांगलं चांगलं लिहीत होतास तेव्हा माझा एका अक्षरावर विश्वास बसत नव्हता. बसस्थानकावरून रडण्याचं लिहिलंस, आणि मला धीर आला. म्हटलं, हा माणूस एवढं सांगतोय, तर दुखत नाही म्हणतो तेही खरंच असणार.

भीती वाटते. सुनंदाला वाटते त्यापेक्षा मला जास्त वाटते. परवा योगराज सहज म्हणाला, काका, पुढच्या आखाजीला डावा बगला कोण? मी म्हटलं, जागा धरून ठेव.

तुझ्या उशीला हसलो होतो, ते परत घेतो. हॉस्पिटलात देतात म्हणे एक, रेक्झिनची, गुळगुळीत. मला ती नको. ताईवहिनींनी पारोळ्याच्या कापसाची शिवलेली ती उशी तुला आता लागत नसेल, तर प्रेमराजच्या हाती पाठव.

गिरधर

धुळे
२० जून २०२५

गिरधर,

ताईबाईने खोळ धुऊन वाळत घातली आहे. आतला कापूस तोच.

प्रेमराजच्या हाती पाठवणार नाही. रविवारच्या पहिल्या गाडीने मी घेऊन येतो. एकटाच येतो. ज्ञानेश्वरला तसं सांगितलं, विचारलं नाही.

खाट खिडकीजवळची घे. पंख्याखाली मी बसेन.

रुपचंद